मातीचा लहान बांध : त्याची पारख व शिक्षकाचे कर्तव्य

शहापूर व मुरबाड या तालुक्यांना धरणे नवीन नाहीत. तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे. भातसा व बारवी ही धरणे तर आपल्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहेत. परंतु या मोठ्या धरणांखेरीज ओहोळ अडवून घातलेले लहान मातीचे बांधही असतात व त्यांतील काही जमीनमालकांनी स्वखर्चाने घातलेले असतात. बांध खाजगी असला तरी त्याच्या खालच्या अंगास असलेला पाडा, पायवाट आणि शाळा ही सर्वांची असतात. म्हणून या विषयाची थोडी माहिती शिक्षकबंधुभगिनींस असणे अगत्याचे आहे.

बांधाची पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, बांधाची प्रकृती कशी आहे? दुसरा, तो फुटल्यास कोणाचे किती नुकसान होईल? ओसाड माळावरील जीर्ण बांध फुटला तर माती वाहून जाईल. पाड्याच्या डोक्यावरील धडधाकट बांधाकडे मात्र दरवर्षी बारकाईने पाहिलेच पाहिजे. उंची कमी म्हणून धोका कमी, हा समज चुकीचा होय.

शासकीय पाहणीत दोषांनुसार धरणांच्या तीन श्रेणी करतात. धरण फुटण्यास कारण होतील असे गंभीर दोष असल्यास पहिली, त्वरित दुरुस्त करण्याजोगे दोष असल्यास दुसरी, आणि किरकोळ दोष असल्यास वा दोष नसल्यास तिसरी. परीक्षेत पहिली श्रेणी भूषणाची असते. येथे ती सर्वांत चिंतेची असते, हे ध्यानात ठेवावे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करणे बंधनकारक आहे. मात्र हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांस, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या काही विशिष्ट धरणांस लागू आहे. चार-पाच मीटर उंचीचा खाजगी बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो. अशा बांधाला श्रेणी देणारा कोणी सहसा येत नाही. त्याच्याकडे मालकाचे व गावाचे डोळे लागलेले असणे, हीच त्याची खरी राखण.

मातीचा बांध मुख्यतः दोन प्रकारे फुटतो. सांडवा गाळाने वा झुडपांनी बुजला की पाणी माथ्यावरून वाहते आणि उतारावरील माती खरवडून नेते. दुसरा प्रकार आतून घडतो. घुशीचे वा खेकड्याचे बीळ, कुजलेले मूळ, किंवा पाणी सोडण्याच्या नळालगतची पोकळी यांतून पाणी वाट काढते, कण कण माती बाहेर आणते आणि वाट रुंदावत जाते. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधास असतोच. तो निवळ व स्थिर असेल तर भिण्याचे कारण नाही. तो गढूळ झाला किंवा वाढू लागला, तर आतील माती निघून चालली आहे असे समजावे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले व पुणे शहरात हाहाकार उडाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून खालच्या वाडीतील माणसे वाहून गेली. तेथील गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधी सांगितले होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते.

काही वर्षांपूर्वी श्रावणात एका शाळेस भेट दिली असता तिसरीतील एका मुलीने सांगितले, "गुरुजी, बांधाचं पाणी आता चहासारखं येतं." ती रोज त्याच वाटेने येत असे. शिक्षकासह जाऊन पाहिले, तर तिचे म्हणणे खरे होते. मालक प्रथम म्हणाले, "बांध माझा, पाणी माझं." त्यांस वर्गखोलीच्या ओटीवर उभे करून बांधाकडे पाहावयास सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी तलावाची पातळी उतरवण्यास सुरुवात केली. त्या मुलीस अभियांत्रिकी ठाऊक नव्हती. काल आणि आज यांतील फरक मात्र तिने टिपला होता.

हा विषय गणिताच्या तासालाही घेता येईल. ५० मीटर लांब, ४० मीटर रुंद व सरासरी २ मीटर खोल तळ्यात ४,००० घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटर पाणी मावते. एक घनमीटर पाणी एक टन भरते. तेव्हा ४,००० टनांचा भार एका मातीच्या भिंतीने अडवून धरलेला असतो, हे मुलांस उमगेल.

बांध सुरक्षित की असुरक्षित, हा निर्णय शिक्षकाने देऊ नये. ते अभियंत्याचे काम आहे. मात्र गढूळ पाझर, माथ्यावरील भेग, खचलेला उतार किंवा बुजलेला सांडवा दिसल्यास मालकास व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे, तहसील कार्यालयास प्रत द्यावी आणि एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी. मुलांस बांधावर खेळू देऊ नये. अतिवृष्टीत कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, ती वाट ज्येष्ठातच मुलांसह एकदा चालून पाहावी. पाऊस सुरू झाल्यावर वाट शोधण्यास वेळ उरत नाही.