सायकलचा ब्रेक झटके कां देतो?

उल्हासनगर सोडून कल्याण-बदलापूर रस्त्यानें अंबरनाथच्या कारखान्यांकडे सकाळच्या पाळीस निघालेला कामगार सायकलचा पुढचा ब्रेक आवळतो. ब्रेक एकसारखा लागत नाहीं. धरतो, सोडतो, पुन्हां धरतो. कोरड्या दिवशीं हा नुसता त्रास वाटतो. पावसांत रिक्षा आडवी आली आणि नेमक्या धरण्याच्या क्षणीं चाक अडकून घसरलें, तर मात्र स्वार तोंडावर पडतो.

दोषाचें मूळ शोधण्याची पहिली खूण म्हणजे झटक्यांची मोजणी. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर असतो. ताशीं १५ किलोमीटर वेगानें तें सेकंदास जवळजवळ दोन फेरे घेतें. झटकेही तितकेच बसत असतील आणि वेगाबरोबर मंदावत असतील, तर दोष रिमच्या एकाच जागीं आहे असें श्रोत्यांनीं समजावें. वेगाशीं मेळ नसलेला कंप बहुधा ब्रेकच्या ढिल्या बोल्टाचा किंवा हँडलखालच्या सैल बेअरिंगचा असतो.

येथें पुष्कळ जण फसतात. चाक डुलतांना दिसलें कीं दुकानांत नेऊन "आऊट काढा" म्हणतात. परंतु रिमला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरणारा ब्रेक तिच्याबरोबर स्वतःही थोडा डुलतो. त्यानें पकड फारशी बदलत नाहीं. पकड बदलते ती दोन रबरांमधील रिमची रुंदी बदलल्यानें. खड्ड्याच्या कांठावर आपटून फुगलेली कड स्पोकचे निपल कितीही पिळले तरी बसत नाहीं. उलट चाकाचा ताण मात्र बिघडतो. तारेऐवजीं लोखंडी सळयांनीं ओढल्या जाणाऱ्या जुन्या ब्रेकाची गोष्ट निराळी. त्याचीं रबरें रिमला आंतून लागतात. म्हणून तेथें चाकाचें वरखालीं होणें बाधतें, आणि तें स्पोक आवळून पुष्कळसें सुधारतें.

सायकल उलटी ठेवावी, ब्रेक अगदीं हलका दाबून चाक हातानें सावकाश फिरवावें, आणि अडखळेल तेथें खडूची खूण करावी. मग रिम व रबरें स्वच्छ पुसून पुन्हां पाहावें. अडखळ गेली तर ती तेलाची किंवा घाणीची होती. राहिली तर नख फिरवावें. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूस बारीक धार लागल्यास तो रिमचा सांधा. ॲल्युमिनियमची रिम असेल तर पॉलिशपेपरनें ती धार मोडते.

रुंद फुगवटा लागला तर जपावें. बदलापूरकडच्या पावसाळी चिखलांतली वाळू रबरांत रुतून ॲल्युमिनियमची कड वर्षानुवर्षें घासते. पातळ झालेली कड ट्यूबच्या दाबानें बाहेर झुकते, आणि कित्येकदां झटका हीच तिची पहिली सूचना असते. कडेवर सरळ पट्टी धरली असतां मध्यें खोलगट दिसली, हवा सोडल्यावर फुगवटा उतरला, किंवा केसासारखी चीर आढळली, तर त्या रिमवर पुन्हां हवा भरूं नये. हब तोच चालतो. स्पोक तेच चालतील कीं नाहीं हें नव्या रिमच्या मापावर ठरतें, म्हणून दुकानीं जातांना जुनी रिम बरोबर न्यावी.