बर्फावरचे वैर, अंतरीचा स्नेह

कॅनडातील ‘क्रेव्ह’ या वाहिनीवर २०२५ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झालेली ‘हीटेड रायव्हलरी’ ही सहा भागांची मालिका जेकब टियर्नी यांनी रेचेल रीड यांच्या २०१९ च्या कादंबरीवरून सिद्ध केली. माँट्रियल संघातील शेन आणि बोस्टन संघातील रशियन इल्या, ज्यांचे आइस हॉकीतील वैर साऱ्या मुलखात जाहीर आहे, तेच आपले प्रेम वर्षानुवर्षे हॉटेलांच्या बंद दारांआड जपतात. इल्याच्या मनावर तर स्वदेशाच्या समलैंगिकताविरोधी कायद्याचेही सावट असते. ही गुप्तता निव्वळ कल्पित मानण्याचे धैर्य मला होत नाही, कारण नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) संघाशी करारनामा असताना स्वतःची समलैंगिकता प्रकट करणारा पहिला खेळाडू, ल्यूक प्रोकॉप, अगदी अलीकडे, २०२१ साली, पुढे आला.