करडईवरील मावा आणि शेताची आठवडी पाहणी

रब्बीचा हंगाम अर्धा लोटला कीं एक प्रश्न दर वर्षीं हटकून कानीं येतो: "करडईवर मावा पडला आहे, आतां कोणतें औषध मारावें?" प्रश्न येतो तोंवर झाडांचे शेंडे काळे पडलेले असतात, पानें चिकट झालेलीं असतात आणि औषधाचा खर्च करूनही हातीं फारसें लागण्याजोगें उरलेलें नसतें. म्हणून औषधाचें नांव सांगण्यापूर्वीं मावा कधीं येतो, कोठून येतो आणि तो किती झाला म्हणजे खर्च करावा, हें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

दख्खनच्या पठारावरील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनींत करडई हें परंपरेनें चालत आलेलें गळिताचें पीक होय. सोलापूर, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड या बाजूस शाळूच्या शेतांत करडईचे पाटे घालण्याची आणि शेताच्या कडेनें तिच्या दोन-चार ओळी धरण्याची चाल जुनी आहे. तिचे कांटे गुरांस आंत शिरूं देत नाहींत. तिचें सोटमूळ खोल जातें, त्यामुळें वरची जमीन वाळली तरी ती खालच्या ओलीवर उभी राहते. इतके गुण असूनही गेल्या कांहीं दशकांत या पिकाखालील क्षेत्र फार घटलें. दुसऱ्या पिकांनीं तिची जागा घेतली, कांट्यांमुळें कापणीस मजूर मिळेनासे झाले, आणि एखाद्या वर्षीं माव्यानें पीक हातचें गेलें कीं शेतकरी तिचें नांवच सोडूं लागला. कांट्यांवर फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें काढलेल्या 'नारी-६' सारख्या बिनकांट्याच्या वाणानें वाट दाखविली आहे. माव्यावरचा उपाय मात्र ज्याच्या त्याच्या बांधावर आहे.

माव्याचा स्वभाव

करडईवरील मावा काळ्या रंगाचा व मऊ अंगाचा असतो. तो कोंवळे शेंडे, पानांची खालची बाजू आणि देठ यांवर दाटीनें बसून रस शोषतो. त्याच्या अंगांतून साखरेसारखा चिकट रस पाझरतो, तो पानांवर पसरतो व त्यावर काळी बुरशी वाढते. मग पानास ऊन मिळत नाहीं, झाड खुजें राहतें, बोंडें कमी धरतात व दाणा पोचट होतो.

याची वाढ इतक्या झपाट्यानें कां होते, हें समजून घेणें अगत्याचें आहे. मादी नराच्या संयोगावांचून जिवंत पिलें घालते, आणि तीं पिलें थोड्याच दिवसांत स्वतः प्रसवूं लागतात. एका ठिकाणीं गर्दी झाली कीं पंख असलेल्या माद्या निपजतात व वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतांत उतरतात. म्हणून सोमवारीं दहा झाडांवर दिसलेला मावा पुढच्या सोमवारीं तीस झाडांवर दिसला, तर त्यांत नवल मानूं नये.

मावा बाहेरून येत असल्यामुळें प्रथम तो शेताच्या कडेच्या ओळींवर दिसतो. डिसेंबर-जानेवारींत थंडी असून आभाळ आलें व हवा दमट झाली, म्हणजे त्यास ती हवा मानवते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली करडई तोंवर निबर झालेली असते व तो मारा बरासा सोसते. नोव्हेंबरांत पेरलेली करडई नेमकी त्याच वेळीं कोंवळी असते, आणि तिच्यावरच माव्याचा घाला पडतो. नत्राचें खत बेसुमार दिल्यानेंही झाड लुसलुशीत होऊन माव्यास आमंत्रण मिळतें. तेव्हां वेळेवर पेरणी हें पहिलें औषध; त्यास पैसा लागत नाहीं.

पाहणी कशी करावी

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. बांधावरून नजर टाकून लिहिलेली नोंद आणि शेतांत शिरून लिहिलेली नोंद यांत काय अंतर असतें, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. किडीच्या बाबतींत हें अंतर पिकाच्या जिवावर बेततें. यासाठीं पुढील रीत ठेवावी.

१. पेरणीपासून महिना झाला कीं आठवड्यांतील एक वार ठरवावा व त्या वारीं सकाळीं शेतांत जावें. आभाळ भरून आल्यास आठवड्यांतून दोनदां जावें.

२. शेताच्या चार बाजूंस चार व मध्यें एक अशा पांच जागा धराव्या. प्रत्येक जागीं ओळीनें वीस झाडें पाहावीं, म्हणजे शंभर झाडें होतात. चांगलीं किंवा वाईट झाडें निवडूं नयेत. पुढें येईल तें पाहावें.

३. शेंडा वांकवून व पान उलटून पाहावें. मावा असलेल्या झाडांची संख्या जागेगणिक वहींत टिपावी.

४. त्याच झाडांवर ढालकिडे, त्यांच्या लांबट, करड्या-काळ्या अळ्या, क्रायसोपाचीं पिलें व सिरफिड माशीच्या अळ्या किती आहेत तेंही लिहावें. हे सर्व मावा खाऊन जगतात. ढालकिड्याची अळी ओळखीची नसल्यानें पुष्कळ जण तीस कीड समजून मारतात. तसें करूं नये.

कृषि विद्यापीठांच्या शिफारशीप्रमाणें शंभरांत सुमारें तीस झाडांवर मावा दिसला म्हणजे फवारणीची वेळ आली असें समजावें. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यांत बारा झाडें भरलीं व तीं सर्व कडेचीं असलीं, तर तेवढ्या कडेच्या पट्ट्यावर निंबोळी अर्क मारून भागेल. दुसऱ्या आठवड्यांत एकवीस झालीं पण ढालकिडेही वाढले, तर तीन-चार दिवसांनीं पुन्हां पाहून ठरवावें. आंकडा तिसापाशीं आला व आभाळही आलेलें असलें, तर मात्र दिवस घालवूं नये. वहींत औषध, मजुरी व पंप यांचा खर्च एका बाजूस आणि वांचणाऱ्या मालाची अंदाजी किंमत दुसऱ्या बाजूस लिहिली, म्हणजे शेजाऱ्यानें फवारलें म्हणून आपणही फवारावें, ही संवय आपोआप सुटेल.

थांबून, मोजून मग खर्च करण्याची ही रीत परदेशांतही मान्य आहे. कॅनडांत कॅनोला नांवाचें मोहरीच्या कुळांतील गळिताचें पीक फार मोठ्या क्षेत्रावर होतें. बाल्डर स्टेफान्सन व कीथ डाऊनी या संशोधकांच्या खटपटीनें तें सिद्ध झालें. त्याचा 'टॉवर' हा वाण १९७४ सालीं बाहेर आला. त्याच्या कोंवळ्या रोपांचीं पानें पिसवेसारखे उड्या मारणारे बारीक भुंगेरे कुरतडतात. तेथील शेतकऱ्यांस सांगणें असें असतें कीं, पानांचा सुमारें चतुर्थांश भाग खाल्ला गेला आणि भुंगेऱ्यांचें खाणें चालूच असलें, तर फवारावें, त्याआधीं नव्हे. तेथील सस्कॅचेवान प्रांतांत हंगामभर दर आठवड्यास पिकांचें सरकारी वृत्त निघतें, व त्याची माहिती ठिकठिकाणचे वार्ताहर स्वयंसेवेनें पुरवितात. आपल्या मंडळाच्या दहा सभासदांनीं आपल्या वह्या दर आठवड्यास एकत्र वाचल्या, तर असें वृत्त आपल्या गांवासही दुर्लभ नाहीं.

उपायांचा क्रम

निंबोळी अर्क घरीं करतां येतो. पावसाळ्याच्या आरंभीं निंबोळ्या वेंचून वाळवून ठेवाव्या. पांच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर दहा लिटर पाण्यांत भिजवावा, सकाळीं फडक्यानें गाळावा, त्यांत दोनशे ग्रॅम साबण विरघळवून एकूण शंभर लिटर द्रावण करावें व त्याच दिवशीं वापरावें. मावा थोडा असतांना याचा गुण येतो.

रासायनिक औषधाची पाळी आल्यास नजीकच्या कृषि विज्ञान केंद्राची किंवा विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस विचारून घ्यावी. करडईवर जें मान्य आहे तेंच, सांगितलेल्या मात्रेनें घ्यावें. दुकानदाराच्या म्हणण्यावरून दोन-तीन औषधें एकत्र कालवूं नयेत. पीक फुलोऱ्यांत असल्यास फवारणी सायंकाळीं करावी, कारण मधमाशांच्या येण्यानें दाणा चांगला भरतो. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हें कोणीही विसरूं नये. तोंडावर पट्टी, हातांत मोजे व अंगभर कपडे यांवांचून मजुरास पंप देऊं नये. वाऱ्याच्या उलट दिशेस चालूं नये. जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. मजुराचा जीव हा खर्चाच्या कोणत्याही रकान्यांत बसत नाहीं.

पानें खाणारी अळी, बोंडें पोखरणारी अळी व करडईमाशी या किडीही याच पाहणींत दिसतात. त्यांची नोंद त्याच वहींत वेगळ्या रकान्यांत ठेवावी.

वहीचें मोल

राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करण्याचा अधिकार शेतकऱ्यास मिळाला. ती नोंद वेळेवर करावीच. परंतु सरकारी नोंद शेतांत काय पेरलें तें सांगते. पिकावर कोणत्या आठवड्यांत काय गुदरलें, तें ती सांगत नाहीं. पूर्वीची आणेवारी म्हणजेच आजची पैसेवारी. ती साऱ्या गांवाची सरासरी असते, आणि माव्यानें एकट्याचें शेत बसलें तर त्या सरासरींत तें दिसतही नाहीं. तुमच्या शेताची हकीकत तुमच्याच वहींत राहणार.

अशी वही तीन वर्षें ठेवली, म्हणजे आपल्या जमिनींत कोणत्या तारखेची पेरणी माव्यांतून वांचते, कोणत्या बांधाकडून तो आधीं शिरतो आणि कोणती फवारणी वायां गेली, हें दुसऱ्या कोणास विचारावें लागत नाहीं. येत्या रब्बींत निदान एका तुकड्यावर तरी हा प्रयोग वाचकांनीं करून पाहावा आणि आपले आंकडे मंडळाकडे पाठवावे, अशी आमची विनंती आहे.