देशी वृक्ष मंदगती असतात काय?

पावसाळा तोंडावर येऊन वनमहोत्सवाच्या तजविजी सुरू झाल्या, की देशी झाडे वाढावयास पिढी जाते, सबब डोंगर सत्वर हिरवा करावयाचा तर गिरिपुष्पावाचून गत्यंतर नाही, हे विधान बैठकीगणिक हटकून ऐकू येते, आणि पुरावा मात्र कोणी मागत नाही. या निखालस चुकीच्या समजुतीपायी टेकड्यांमागून टेकड्या एका मेक्सिकन झाडाच्या हवाली कराव्यात, याचा मनस्वी संताप येतो.

शिवणीचेच पाहा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात जिची नोंद आहे, ती ही आपल्या रानातली शिवण, डॅनिएल लुडविग या अमेरिकन धनिकाने १९६७ साली ब्राझीलमध्ये जारी नदीकाठी अफाट जमीन घेऊन कागदाच्या लगद्यासाठी लागवड आरंभिली तेव्हा मुद्दाम निवडली, आणि ती केवळ तिच्या शीघ्र वाढीसाठी! तेथील रेताड जमिनी तिला मानवल्या नाहीत, हे खरे. परंतु तो दोष स्थळाच्या निवडीचा. पांगाऱ्याची तर नुसती फांदी रोवली तरी फुटते, आणि पानमळ्यात नागवेलीला आधार म्हणून तो लावण्याची जुनी वहिवाट त्याच्या वाढीच्या भरवशावरच पडली आहे. मोह आणि हिरडा सावकाश वाढतात, हे मान्य. पण त्यांच्यावरून साऱ्या देशी वृक्षांना मंदगती ठरविणे हा कोठला न्याय?

गिरिपुष्प तगते, कारण गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत आणि तोडले तरी ते पुन्हा फुटते. देशी रोप मरते ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी, कुंपण आणि वणव्यापासून राखण न मिळाल्यामुळे. राखणीच्या खर्चाची तरतूद करावयाची नाही आणि दोष मात्र झाडाच्या जातीला द्यावयाचा, हा शुद्ध अन्याय आहे. गिरिपुष्पाच्या पाल्याचे खत उत्तम होते, तेव्हा शेताच्या बांधावर ते खुशाल असावे.

इतर गैरसमजांना एकेक वाक्य पुरे. गुलमोहर मादागास्करचा आहे. सुबाबूळ बाभळीसारखी दिसली तरी मूळची मेक्सिकोकडची असून, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने प्रसिद्ध केलेल्या जगातील १०० अतिउपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. उलट, परके ते सारेच घातक असेही नाही. चिंच आफ्रिकेतून आली आणि शतकानुशतके निरुपद्रवीपणे नांदते आहे. पिंपळ रात्री प्राणवायू सोडीत नाही. त्या क्रियेला उजेड लागतो.

आणि देशी म्हणजे महाराष्ट्रात कोठेही चालणारे, असे नव्हे. घाटमाथ्यावर अंजनी, हिरडा, जांभूळ. कोकणच्या किनाऱ्यावर उंडी, करंज. सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात हिवर, बाभूळ, बोर, आपटा. नान्नजसारख्या माळरानावर, जेथे माळढोकाला उघडे गवतच लागते, तेथे मात्र खड्डे खणूच नयेत, मग रोप कितीही देशी असो.