सगळ्यांचे फोन जमा केले, तरी किनाऱ्यावर उजेड पडलाच! कोस्टा रिकात शिकलेल्या फोनच्या गोष्टी

दहावीचा निकाल लागतो आणि मग अकरावीच्या प्रवेशाच्या याद्यांची वाट बघत बसावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मी त्या रिकाम्या दिवसांत पुण्याच्या 16 मुलामुलींच्या ग्रुपबरोबर कोस्टा रिकाला गेलो होतो. सायन्स आणि लीडरशिपची फील्ड ट्रिप होती. जुलैचा पहिला आठवडा, ठिकाण तोर्तुगेरो. कॅरिबियन समुद्राच्या काठावरचं हे गाव. तिथे रस्ता जातच नाही, बोटीने किंवा छोट्या विमानानेच जावं लागतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात हिरवी समुद्री कासवं इथे अंडी घालायला येतात. एका वेळी एक मादी साधारण शंभराच्या वर अंडी घालते.

ट्रिपचा नियम असा, की रोज एकजण 'दिवसाचा लीडर'. डोकी मोजायची, सूचना द्यायच्या आणि रात्री सगळ्यांसमोर दिवसाचा हिशोब द्यायचा. माझी पाळी नेमकी कासव बघायच्या रात्री आली.

आधी दिवसाचं सांगतो. सकाळी आम्ही बोटीतून कालव्यांमध्ये फिरून आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर पक्षी-प्राण्यांच्या नोंदी करत होतो. आमच्या फोनला तिथे नेटवर्क नव्हतं. एक मैत्रीण म्हणाली, "नेटच नाही तर लोकेशन कसं येणार?" खूप जणांचा हाच गैरसमज असतो. जीपीएससाठी इंटरनेट लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत सिग्नल सोडत असतात, आपला फोन ते फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की तो स्वतःच हिशोब करून जागा काढतो. मग नेट कशाला? एक तर नकाशा दाखवायला, म्हणून गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा निघण्याआधीच डाउनलोड करून ठेवा. दुसरं म्हणजे कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून पटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू उतरवून घ्यावी लागते. म्हणून नवीन ठिकाणी फोन पहिल्यांदा वेळ लावतो. मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबा, लगेच रीस्टार्ट करत बसू नका.

तिथे आम्हाला ग्रेट ग्रीन मकाव दिसला, मोठा हिरवा पोपट. मी फोटो टाकला. लॉजवर वायफाय मिळाल्यावर मित्राने त्याच्या फोनवर ती नोंद उघडली, तर जागा भलतीकडेच! आम्ही जीपीएसला शिव्या घातल्या. पण चूक काहीच नव्हती. प्रजाती धोक्यातली असेल तर हे अ‍ॅप नेमकी जागा लपवतं आणि साधारण 20 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी पिन टाकतं. खरी जागा मला दिसते, बाकीच्यांना नाही. कारण पोपट पकडून विकणारेही नकाशे बघतात.

अ‍ॅप काळजी घेतं, पण आपण घेतो का? कॅमेऱ्यात लोकेशन ऑन असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते. पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, की जागेसकट जातो. घरट्याचा, दुर्मिळ पक्ष्याचा किंवा स्वतःच्या घराचा फोटो पाठवताना हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन बंद करता येतं.

आता रात्र. किनाऱ्यावर रात्री फोन आणि कॅमेरा न्यायला बंदी आहे. कासवांच्या डोळ्यांना निळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो, लाल कमी, म्हणून गाइडकडे फक्त लाल टॉर्च. निघताना मी अगदी रुबाबात सगळ्यांचे फोन डब्यात जमा केले आणि डोकी मोजली. सोळा. आम्ही अंधारात दबकून उभे होतो. लाटेतून एक मोठा काळा आकार वर सरकत आला. गाइडने सांगून ठेवलं होतं, एकदा अंडी घालायला लागली की ती फारशी बिचकत नाही, पण वर येताना अगदी सावध असते.

तेवढ्यात माझ्या मानेवर डास बसला. मी हात उचलला आणि मनगटावरचा फिटनेस बँड झगझगीत पेटला. पूर्ण ब्राइटनेस, निळा वॉलपेपर. मी घाईने तळहाताने झाकला. कासव थांबलं, वळलं आणि पाण्यात परत गेलं.

कोणी काहीच बोललं नाही. वाळूत चढण्या-उतरण्याचा कमानीसारखा माग राहिला होता. अशा फुकट फेरीला तिथे 'अर्धचंद्र' म्हणतात, असं गाइडने सांगितलं. ती इतर कारणांनीही परत जाते, तुझ्यामुळेच गेली असं नक्की सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. मला मात्र त्याने फारसं बरं वाटलं नाही.

बँड आणि घड्याळांमध्ये मनगट उचललं की स्क्रीन आपोआप लागते. आतला सेन्सर हाताची हालचाल ओळखतो, तुम्ही वेळ बघताय की डास मारताय हे त्याला कळत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं तरी काही बँडमध्ये हे चालूच राहतं. बँडच्या अ‍ॅपमध्ये 'रेझ टू वेक' नावाचं सेटिंग शोधून बंद करा. घड्याळात 'थिएटर मोड' असेल तर तो लावा. माझं म्हणाल तर सरळ काढून ठेवणं उत्तम. आपल्याकडे रत्नागिरीच्या वेळासला कासवाची पिल्लं बघायला जाल, तिथेही हेच करा.

रात्रीच्या हिशोबात मी सगळं सांगितलं, बँड माझाच होता हेही. दुसऱ्या दिवशीची लीडर सातवीपासूनची माझी वर्गमैत्रीण होती. किनाऱ्यावर निघताना तिने फोनचा डबा फिरवला आणि मग म्हणाली, "आता मनगटं दाखवा. आधी तू."