खण, झगा आणि अंतरपाट

माझे आजोळ सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. चैत्रात आजी आम्हा मुलांना शिखर शिंगणापूरला नेई. चैत्र शुद्ध अष्टमीला तेथे शंकर-पार्वतीचे लग्न लागते. त्या दिवशी शंभू महादेवाच्या शिखरापासून बळी मंदिराच्या शिखरापर्यंत एक लांबच लांब कापडी ध्वज बांधतात. मान वर करकरून पाहताना मी एकदा विचारले, "आजी, एवढं कापड कशाला?" आजी म्हणाली, "अगं, देवाचं लग्न आहे. कापडावाचून कुठं लग्न होतं का?"

पुढे शिकायला सांगलीला आले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते याच गावी. नाटकाच्या नादाने ग्रीक शोकांतिका वाचल्या आणि आजीचे उत्तर पुन्हा आठवले. प्राचीन अथेन्समध्येही अथेना देवीला विणलेले वस्त्र अर्पण करण्याचा मोठा उत्सव असे. ते वस्त्र गावातल्या मुली आणि बायका विणीत. म्हणजे देवाला कापड देण्याची ओढ इकडची आणि तिकडची सारखीच.

त्याच अथेन्सच्या रंगभूमीवर मात्र वस्त्र घात करते. इस्किलसच्या 'अगामेम्नॉन' नाटकात (इ. स. पूर्व 458) ट्रॉय जिंकून आलेल्या राजापुढे राणी उंची लाल वस्त्रे अंथरते. हा मान देवांचा, माणसाने ती तुडवू नयेत, हे राजाला कळते. तरी तो पायतण काढून त्यावरून चालत घरात जातो. आत न्हाणीत राणी त्याला वस्त्रातच गुरफटवून ठार मारते. त्याने मुलीचा बळी दिला होता, त्याचा हा सूड.

सोफोक्लीसची डेयानीरा नवऱ्याचे प्रेम परत मिळावे म्हणून औषध लावलेला झगा पाठवते. ते औषध विष निघते. युरिपिडीसची मीडिया सवतीला मुद्दामच विषारी वस्त्राचा आहेर करते. एकीच्या मनात माया, दुसरीच्या मनात सूड. जळणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच.

आपल्याकडचा अंतरपाट पाहा. साधे पांढरे कापड, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. मंगलाष्टके चालू असेपर्यंत ती भिंत असते. कापड बाजूला झाले की समोरासमोर उभी असतात ती नवरा-बायको.

अशीच एक भिंत मी साताऱ्यात भाचीच्या लग्नात पाहिली. ओटीचा खण मामीनेच दुकानात तासभर बसून निवडला होता. पण ओटी भरायची वेळ आली आणि मामी आपण होऊन दाराआड जाऊन उभी राहिली. मामा गेल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिला कोणी 'जा' म्हटले नाही. 'ये' असेही कोणी म्हटले नाही. मीही नाही. खणात विष नव्हते. ते आमच्या गप्प बसण्यात होते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर गावांना हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. बातमी वाचली आणि लाज वाटली. एका गावाला जमले ते मला घरात जमले नव्हते.

त्या दिवाळीत खण-नारळ घेऊन मामीकडे गेले. म्हटले, "मामी, पाटावर बसा. ओटी भरायचीय तुमची."

तिने खणावरून हात फिरवला. काठ पाहिले. म्हणाली, "रंग चांगला निवडलास. उशीर मात्र फार केलास गं."

मग पाट सरळ करून तिने आधी मलाच बसवले आणि ओंजळभर तांदूळ घ्यायला आत गेली.