पंचाण्णव वर्षे तरंगलेली बोट

१९१२ साली पहिल्याच सफरीत बुडालेली टायटॅनिक सगळ्यांना ठाऊक असते. पण १९१४ साली अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज येथे बांधलेल्या ‘मेदिना’चे नाव कोणी घेत नाही. ही बोट २००९ अखेरपर्यंत समुद्रावर होती!

सुरुवातीला ती मालवाहू होती. पुढे इटलीत ‘रोमा’ या नावाने प्रवासी बोट झाली. १९५२ मध्ये ‘फ्रान्का सी’, तर १९७७ मध्ये ‘डूलॉस’ नावाचे तरंगते पुस्तकांचे दुकान. मधल्या काळात वाफेचे एंजिन जाऊन डिझेलचे आले. सांगाडा मात्र तोच.

खाऱ्या पाण्यात पोलाद इतके कसे टिकते? बोट अधूनमधून सुक्या गोदीत घेतात, शेवाळ व शिंपले खरवडून रंग देतात, झिजलेले पत्रे कापून नवे बसवतात. बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळेही लावतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील. म्हणून आधी ते झिजते आणि पोलाद वाचते. (दोन खिळे, जस्ताची पट्टी आणि मिठाचे पाणी घेऊन हे आपण वर्गातही दाखवू शकतो. एका खिळ्याला पट्टी घट्ट गुंडाळावी, दुसरा तसाच ठेवावा.)

टायटॅनिकच्या अपघातामुळे १९१४ मध्येच सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्याच नव्या रूपातील नियमानुसार २०१० पासून प्रवासी बोटींच्या बांधणीत लाकडासारखे ज्वालाग्राही साहित्य चालणार नव्हते. त्याआधीच सिंगापूरच्या गोदीतील तपासणीत दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेरचा ठरला. आता ही बोट इंडोनेशियातील बिंतान बेटावर, जमिनीवर, हॉटेल म्हणून उभी आहे.